हिंगोबा गैरहजर

“नंदाबाई, लेकीचं जेवण कागदावर ठिवू नका,” असं झुंबरबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं. “कागद कचेरीत गेला की वापस येत न्हाई.”

हे सांगताना झुंबरबाई शेजारच्या ओट्यावर तूर पाखडत होत्या. तूर पाखडता पाखडता दिलेला इशाराही मनावर घ्यायचा असतो, हे नंदाबाईंना पुण्याच्या बायकांच्या कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. तिथे त्यांनी दोन वर्षं काढली होती आणि तर्कशास्त्रात त्यांचा नंबर पहिला होता. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “अहो झुंबरबाई, कचेरी म्हणजे काय चोरांचं घर आहे?” झुंबरबाईंनी सूप थांबवलं, नंदाबाईंकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सूप पुन्हा सुरू केलं. त्या पाहण्यात काय होतं ते कळायला नंदाबाईंना दीड महिना लागला. तर्कशास्त्राचा पहिला नंबर त्या दीड महिन्यात कुठे गेला, हे त्यांनी अजून कुणाला विचारू दिलेलं नाही.

लेकीचं नाव सोनू. पण पाळण्यात असल्यापासून तिनं घरावर असा काही अंमल बसवला की सगळी गल्ली तिला सोनूबाईच म्हणे. वय साडेचार. तेराशे सत्तेचाळीस फसलीच्या, म्हणजे इंग्रजी सदतीस सालच्या, थंडीत सोनूबाईंना एकवीस दिवसांचा ताप आला. ताप गेला, पण जाताना भूक घेऊन गेला. पोर काडीसारखी झाली. जालन्याच्या डॉक्टरांनी तपासून “हिला खायला घाला” असं सांगितलं, आणि नंदाबाईंना पहिल्यांदा संताप आला तो तिथे. सोळा मैल मोटारीत पोर मांडीवर घेऊन गेलेल्या आईला हे सांगायला डॉक्टर कशाला पाहिजे? हे तर गल्लीत कुणीही सांगत होतं. झुंबरबाई म्हणाल्या, दृष्ट काढा. किराणा दुकानदार रामकिसन म्हणाला, सातूचं पीठ द्या. नंदाबाईंचे यजमान रामराव वकील म्हणाले, “दोन दिवस काही देऊच नकोस, आपोआप मागेल.” रामरावांनी हे एकदाच म्हटलं. पुन्हा म्हणण्याइतके ते बेसावध नव्हते.

शेवटी औषध सापडलं ते अपघातानं. दुधात कुस्करलेली भाकरी समोर घेऊन, रडकुंडीला येऊन, नंदाबाईंनी सहज सुरुवात केली, “एक होता मच्छिंद्र. अकरा वर्षांचा. त्याला अर्धीच जादू येत होती.” सोनूबाईंनी मान वळवली. मच्छिंद्रानं गावाबाहेरच्या बारवेच्या पायरीवर ज्वारीच्या पिठाचं रिंगण काढलं, मंत्र म्हटला, आणि पाण्यातून ताडाएवढा, पाचशे वर्षांचा, हिंगाचा वास येणारा हिंगोबा बाहेर आला. येऊन म्हणतो कसा, “बोलावलंस ते बोलावलंस, पण मंत्राचा उच्चार किती घाणेरडा रे तुझा!” सोनूबाईंनी हसायला तोंड उघडलं, नंदाबाईंनी घास आत घातला. सहा आठवड्यांतला तो पहिला सरळ गिळलेला घास होता.

तेव्हापासून रोज हिंगोबा. त्याच्यावर दिवसाला तीन कामं करायचं बंधन होतं, आणि प्रत्येक कामाआधी तो कुरकुर करी. मच्छिंद्राला गुरुजींची हरवलेली म्हैस शोधायची असे, हिंगोबाला वाटे आपल्या वयाच्या माणसाला म्हशीचं काम सांगणं बरं नव्हे. अडचण एकच होती. सोनूबाईंना काल सांगितलेलं वाक्य आज दुसऱ्या शब्दांत चालत नसे. “हिंगोबा असं म्हणत न्हाई,” म्हणून ती ओठ घट्ट मिटून घेई. म्हणून नंदाबाईंनी लिहायला घेतलं. सोळा प्रकरणं, दोनशे बारा पानं, जाड दोऱ्यानं शिवलेली वही. पानाला दोन घास हा दर ठरला. दर सोमवारी रामकिसनच्या दुकानातल्या मोठ्या तागडीत एका पारड्यात सोनूबाई आणि दुसऱ्यात वजनं ठेवायची. रामकिसन ज्वारीचं माप सांगावं तसा रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं ओरडे, “साडेबारा शेर!” मग तेरा. मग साडेतेरा. चौदा शेर झाले त्या दिवशी त्यानं सोनूबाईंच्या हातावर खडीसाखर ठेवली, आणि नंदाबाई दुकानातच डोळ्यांना पदर लावून उभ्या राहिल्या.

इथेच थांबायला हवं होतं, हे नंदाबाईंनाही मान्य आहे. पण त्याच आठवड्यात पुण्याहून एका मैत्रिणीचं पुस्तक टपालानं आलं. तीस कविता, त्यातल्या एकोणतीस चंद्रावर. वर छापील नाव. नंदाबाईंकडे दोनशे बारा पानं होती आणि त्यात चंद्राचं नावसुद्धा नव्हतं. शिवाय वहीवर दुधाचे डाग पडायला लागले होते, नववं प्रकरण वरणानं चिकटलं होतं, आणि नक्कल करायला घेतली त्या दुपारी सोनूबाईंनी दौत नकलेवरच पालथी केली. तेव्हा छापून घेणं हा मान मिळवण्याचा नव्हे, निव्वळ सावधगिरीचा प्रकार होता. नंदाबाईंचं हे म्हणणं कुणालाच पटलेलं नाही, पण ते त्यांचं म्हणणं आहे.

जालन्याचा छापखानेवाला लग्नपत्रिका आणि जिनिंगच्या पावत्या छापी. वही हातात तोलून तो म्हणाला, “बाई, पुस्तक म्हंजे मंजुरी लागती. अर्ज उर्दूत, अन् अख्ख्या पुस्तकाचा तर्जुमा उर्दूत. मंजुरी आणा, मंग बिलकुल छापू.”

नंदाबाई नगरकडच्या, म्हणजे इंग्रजी हद्दीतल्या. लग्न होऊन निजामाच्या हद्दीत देवबारवला आल्या तेव्हा इथे कचेरीत उर्दूच चालते एवढंच त्यांना माहीत होतं. रामरावांना उर्दू उत्तम येई, पण त्यांच्याकडे त्या महिन्यात आष्टीच्या दोन भावांचा बांधाचा दावा चालू होता आणि त्यांच्या डोक्यात बांधाशिवाय काही शिरत नव्हतं. “फकरोद्दीनमियांना दे,” ते म्हणाले. “त्यांच्यासारखं अक्षर जिल्ह्यात नाही.”

अक्षराबद्दल वाद नव्हता. फकरोद्दीनमियां चाळीस वर्षं तहसील कचेरीसमोरच्या लिंबाखाली सतरंजी टाकून लोकांचे अर्ज लिहीत होते. कुणाचं शेत, कुणाची म्हैस, कुणाची पळालेली बायको, जे येईल ते ऐकून घ्यायचं आणि कचेरीला समजेल अशा भाषेत बसवायचं. लोक सांगत की मुलाच्या लग्नाची पत्रिकासुद्धा त्यांनी “सबब अर्ज आहे की हुजुरांनी मेहेरबानी करून हजर राहावं” अशी संपवली होती. हे लोक सांगत होते. नंदाबाईंनी ऐकलं होतं. ऐकून त्या हसल्याही होत्या.

मियांनी वही घेतली, उभ्या उभ्या पहिलं प्रकरण वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. “बेटी, या बिचाऱ्या जिन्नावर लई जुलूम होऊन राह्यला.”

घराबाहेरचा पहिला वाचक! नंदाबाईंना गहिवरून आलं. तरी त्यांनी बजावलं, “चाचा, हा किस्सा आहे बरं का.”

“हां हां, किस्सा. समदे आपापला किस्साच घेऊन येतात माझ्याकडं.”

चार दिवस म्हणाले होते, नऊ लागले. त्या नऊ दिवसांत नंदाबाईंनी तोंडपाठ असलेली पहिली दोन प्रकरणं आलटून पालटून सांगून वेळ मारून नेली. दहाव्या दिवशी मियां नव्वद पानं घेऊन आले. अक्षर असं की पाहत राहावं. रामरावांनी पहिली ओळ वाचली, ती “जनाबे आली” अशी होती आणि बरोबर होती. शेवटची ओळ वाचली, ती “वाजिब जानकर अर्ज किया” अशी होती आणि तीही बरोबर होती. वकील माणूस मधलं वाचत नाही. त्यांनी सही केली. तर्जुम्याबरोबर मूळ कागद लागतो म्हणून वही जोडली, आणि सगळं बाड कचेरीत तहसीलदारांचे पेशकार, म्हणजे कारकून, नजीरसाहेब यांच्या टेबलावर गेलं.

पंधरा दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमारास, कचेरीचा चपराशी पुंजाराम दारात उभा राहिला.

“बाईसाहेब, कचेरीत हजर व्हायची तलबी हाय.”

“कुणाच्या नावाची?”

पुंजारामनं कागद लांब धरला. “एक आपल्या नावानं. एक कुणी मच्छिंद्र हाय, उमर अकरा. त्यो आपल्यातच ऱ्हातो का?”

“तो गोष्टीतला आहे!”

“गोष्टी म्हंजे कोन्तं गाव?” पुंजारामनं विचारलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, “अन् तिसरी त्या हिंगोबाची. ती म्या बजावून आलो. बारवंवर उभं राहून तीन डाव हाका मारल्या. कोनी बाहीर येईना. मंग कायद्याप्रमाणं भिंतीला डकवली.”

नंदाबाईंनी रामरावांना कोर्टात जाता जाता पकडलं. रामराव तलबी वाचत गेले आणि त्यांच्या चेहऱ्यावर, बांधाचा दावा सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच, बांधाशिवाय काहीतरी दिसलं. फकरोद्दीनमियांनी चाळीस वर्षांत जे केलं तेच केलं होतं. सदर मच्छिंद्र, वय अकरा वर्षं, धंदा जादूगिरी, यानं सदर हिंगोबा, जात जिन्न, वय अंदाजे पाचशे वर्षं, राहणार सरकारी बारव, यास पिठाच्या रिंगणात डांबून त्याजकडून रोज तीन कामं बिनामजुरी करून घेतली, म्हशी शोधावयास लावल्या, आणि हरकत घेतली असता मंत्राची धमकी दिली. सबब दाद मिळावी. वेठबिगारीला सरकारची मनाई होती. नजीरसाहेबांनी नियमाप्रमाणे खटला नोंदवला होता. फिर्यादी म्हणून नाव होतं नंदाबाईंचं.

“मी काय मागितलं होतं?” नंदाबाईंचा आवाज झुंबरबाईंच्या ओट्यापर्यंत गेला. “पुस्तक छापायची परवानगी! आणि तुम्ही सही केलीत!”

“अक्षर फार सुरेख होतं गं,” रामराव म्हणाले. मग वकिलाचं डोकं चालू झालं. “तसा खटला मजबूत आहे. फक्त आपल्याला साक्षीदार नाही.”

नंदाबाई तडक लिंबाखाली गेल्या. भर बाजारात वकिलाच्या बायकोनं अर्जनवीसासमोर उभं राहून बोलणं देवबारवला नवं होतं, पण त्या दिवशी त्यांना काहीच नवं वाटत नव्हतं. फकरोद्दीनमियांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यांचे डोळे भरून आले. “बेटी, खुदाची कसम, एक लफ्ज इकडचा तिकडं केला न्हाई. तू लिव्हलं तेच लिव्हलं. तू सैल लिव्हलं होतं, मी फकत बराबर कायद्यात बसवलं.” थोडं थांबून ते म्हणाले, “मला वाटलं तुला त्याला सोडवायचं हाय.”

सैल! दोनशे बारा पानं, एकेक वाक्य पोरीच्या तोंडावर घासून गुळगुळीत केलेलं, आणि ते सैल!

तिथून त्या कचेरीत गेल्या. पेशकार नजीरसाहेब सभ्य, बारीक आवाजाचे गृहस्थ होते. “वही? वही मिसलीत, म्हंजे खटल्याच्या कागदांत लागली बाईसाहेब. असल कागद हाय. फैसला होईपर्यंत देता येत न्हाई.”

“माझी मुलगी त्याच्याशिवाय जेवत नाही.”

नजीरसाहेबांना खरोखर वाईट वाटलं. “मंग तसा अर्ज करा.”

“कुणाकडून लिहून घेऊ?”

“फकरोद्दीनमियां हाईत की. त्यांच्यासारखं अक्षर न्हाई.”

इकडे बारवेच्या भिंतीवर सरकारी शिक्क्याचा कागद लागल्याचा व्हायचा तो परिणाम झाला. बारवेत काहीतरी आहे हे गाव दोन पिढ्या दबक्या आवाजात बोलत होतं, पण सरकारनं ते आजवर कधी मान्य केलं नव्हतं. आता शिक्क्यासकट मान्य केलं. तिसऱ्या दिवशी कागदाखाली कुणीतरी नारळ फोडला. चौथ्या दिवशी बायका पाणी भरायला घोळक्यानं जायला लागल्या आणि घागर बुडवण्याआधी “हिंगोबा, सरक रं बाबा” असं म्हणायला लागल्या. नंदाबाईंच्या दारी रीघ लागली. एकीची नथ हरवली होती, हिंगोबाला विचारता का? दुसरीचा नवरा मुंबईला जाऊन कागद पाठवीत नव्हता, हिंगोबाला तिकडं पाठवता का? नंदाबाई प्रत्येकीला सांगत, “अहो, तो नाही! मी रचलाय!” आणि प्रत्येक बाई मान हलवून म्हणे, “तेच म्हंते मी. तुमचंच ऐकंल त्यो.”

रामकिसनचा सल्ला वेगळाच होता. “वहिनी, सरकारदरबारी नाव लागलं म्हंजे लई झालं. आमच्या आज्याचं अजून लागंना.”

नंदाबाईंना या कशाचंच एवढं वाटलं नसतं. त्यांना फक्त तागडी दिसत होती. पहिल्या सोमवारी रामकिसन “पावणेचौदा” म्हणाला. दुसऱ्या सोमवारी त्यानं आवाज खाली घेतला, “सव्वातेरा.” तिसऱ्या सोमवारी त्यानं नुसती बोटं दाखवली. आठवून आठवून सांगायची धडपड नंदाबाईंनी केली नाही असं नाही. पण तिसऱ्या प्रकरणात हिंगोबा म्हशीच्या पाठीवर आधी बसतो की आधी शिंकतो, हे त्यांना नेमकं आठवेना, आणि सोनूबाईंना त्यात तडजोड मान्य नव्हती.

“असं न्हाई.”

“मग कसं गं? तुला येतं ना, तूच सांग!”

“मी जेवायचं का सांगायचं?” सोनूबाई म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. तिच्या मानेच्या मागची हाडं दिसत होती. नंदाबाई वाटी घेऊन तशाच बसून राहिल्या. त्या वेळी कचेरीला आग लागली असती तर त्यांना वाईट वाटलं नसतं, फक्त आधी वही बाहेर काढली असती.

तारखेच्या दिवशी त्या सोनूबाईंना कडेवर आणि डब्यात दूधभाकरी घेऊनच कचेरीत गेल्या. रामरावांनी मनाई केली नाही. बाहेर निम्मं देवबारव जमलं होतं. तहसीलदारसाहेब हैदराबादकडचे, पिकल्या मिशांचे, शांत डोळ्यांचे होते. त्यांनी बाईंना बसायला खुर्ची दिली आणि नजीरसाहेबांकडे पाहिलं. पुंजाराम दारात जाऊन ओरडला, “हिंगोबा हाजिर है?” दारातल्या लोकांनी दोन्ही बाजूंना सरकून वाट करून दिली. पुंजारामनं तीनदा हाका मारल्या. वाटेनं एक कुत्रं आत आलं आणि गेलं.

“गैरहजर,” नजीरसाहेबांनी लिहिलं.

“तो येणार नाही,” नंदाबाई उभ्या राहून म्हणाल्या. “तो नाहीच आहे.”

“फरार?” तहसीलदारांनी विचारलं.

“फरार कसला? मी केलाय तो! माझ्या डोक्यातून!”

तहसीलदारांनी विचार केला. “आपण केलाय. मग आपणच हजर करू शकाल.”

तर्कशास्त्राचा पहिला नंबर खुर्चीत परत बसला. साहेबांनी खूण केली आणि नजीरसाहेबांनी अर्ज वाचायला सुरुवात केली. बाईंना उर्दू कळत नाही म्हणून फकरोद्दीनमियां शेजारी उभे राहून मराठीत सांगू लागले, खालच्या, एकसुरी, चाळीस वर्षांच्या सवयीच्या आवाजात. “सदर हिंगोबा, वय अंदाजे पाचशे वर्षं, राहणार सरकारी बारव, यानं अशी हरकत घेतली की मंत्राचा उच्चार घाणेरडा हाय. सबब काम करण्यास तो बांधील न्हाई.”

सोनूबाईंनी मान वर केली. “मंग?”

“मंग सदर मच्छिंद्रानं त्याला म्हशीचं काम लावलं. सदर म्हैस काळी, डावं शिंग मोडलेलं.”

सोनूबाईंचं तोंड उघडलं. नंदाबाईंचा हात आपोआप डब्यात गेला आणि घास तोंडात गेला. आईचा हात असा आपोआप जातो, त्याला कचेरी दिसत नाही. नजीरसाहेब थांबले. सोनूबाई चावल्या, गिळल्या आणि साऱ्या कचेरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “मंग?”

नजीरसाहेबांनी साहेबांकडे पाहिलं. तहसीलदारसाहेबांनी डब्याकडे पाहिलं, पोरीच्या मानेकडे पाहिलं, आणि खुर्चीत मागे टेकून म्हणाले, “पढिए. आहिस्ता पढिए.”

दोन तास वाचन चाललं. आष्टीच्या बांधाच्या दाव्याची तारीख त्याच दिवशी होती, ती पुढे ढकलली गेली. ते दोघे भाऊ दारात एकमेकांशेजारी बसून ऐकत होते. डब्यातली भाकरी संपली तेव्हा झुंबरबाई घरी धावत जाऊन दुसरी घेऊन आल्या. चौदाव्या प्रकरणाच्या शेवटी नजीरसाहेब थांबले. पुढे ‘वाजिब जानकर’च्या आधी फक्त एक ओळ होती, “बाकी हकीकत सुनावणीच्या वेळी तोंडी अर्ज केली जाईल.” फकरोद्दीनमियांनी मान खाली घातली. कागद संपला होता आणि लांबलचक अर्ज असाच संपवायची रीत आहे, असं त्यांनी पुटपुटत सांगितलं.

“बाकी हकीकत?” तहसीलदारसाहेबांनी विचारलं, आणि कचेरीतला प्रत्येक माणूस पुढे झुकला.

नंदाबाईंना आयुष्यात एवढे श्रोते मिळाले नव्हते. त्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी पंधरावं प्रकरण सुरू केलं. मच्छिंद्र रिंगण पुसायला निघतो आणि हिंगोबा म्हणतो, “आता मला जाऊ दे बाबा.”

“असं न्हाई,” सोनूबाई म्हणाल्या. “बाबा म्हणत न्हाई.”

नंदाबाईंनी सावरून पुढे सांगितलं. “असं न्हाई! आधी दिवा विझतो!” आणखी दोन वाक्यांनी पुन्हा “असं न्हाई!” नजीरसाहेबांची लेखणी चालत होती. फिर्यादीच्या बयानात आणि फिर्यादीच्या मुलीच्या बयानात तफावत. तहसीलदारसाहेबांनी उसासा टाकला. त्यांना स्वतःला शेवट ऐकायचा होता हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं, पण तफावत एकदा कागदावर आली की साहेबाच्याही हातात काही उरत नाही. असल वही तपासणं भाग होतं. वही मराठी, आणि मराठी तपासून शिक्का मारणारा माणूस औरंगाबादेला. हुकूम झाला, मिसल औरंगाबादेला वरच्या कचेरीत रवाना.

नंदाबाई काय काय म्हणाल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगता येईल की पुंजाराम तेव्हापासून त्यांच्या गल्लीतून जाताना पागोटं काढून काखेत धरतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी बरोबर बारा वाजता फकरोद्दीनमियां ओट्यावर येऊन बसले. त्यांनी लिहिलेला एकही अर्ज ते चाळीस वर्षांत विसरले नव्हते. “सदर हिंगोबा,” त्यांनी सुरू केलं आणि सोनूबाई वाटी घेऊन समोर मांडी ठोकून बसल्या. नंदाबाईंना खरं तर आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण पोर पंधरा दिवसांत बोलायला लागली, “सदर आई, पाणी दे,” आणि एकदा नंदाबाईंनी आपल्या भाषेतलं एक वाक्य मध्ये घातलं तर तिनं तोंड वाकडं केलं. “तुझं सैल आहे.” ही गोष्ट कुणी रचली? हिंगोबाला हिंगाचा वास कुणी दिला? याचा अर्ज कुठे करायचा असतो? सोमवारी रामकिसन रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं ओरडला, “चौदा शेर!” आणि नंदाबाईंनी आपला अपमान तेवढ्यापुरता गिळला.

मग चौदावं प्रकरण आलं आणि संपलं.

“पुढचं?” सोनूबाईंनी विचारलं. मियांनी पहिल्यापासून सांगू म्हटलं. सोनूबाईंनी वाटी खाली ठेवली. “त्याला घरी सोडल्याबिगर परत कसा बोलवायचा?”

यात चूक काढणं कठीण होतं. म्हाताऱ्यानं वाटी उचलून सोनूबाईंच्या पुढ्यात परत सरकवली. “माझी गलती हाय बेटी,” तो नंदाबाईंना म्हणाला. “त्या दोन प्रकरणांची नक्कल औरंगाबादेला मिळती. मला रीत मालूम हाय. जाऊन आणतो. दोन दिवस.” रामरावांनी पत्र देतो म्हटलं, नंदाबाईंनी नको नको म्हटलं, घरी कमरबींनी, म्हणजे मियांच्या बायकोनं, भांडण केलं. तो गेलाच, सकाळच्या मोटारीनं जालन्याला आणि तिथून आगगाडीनं.

पहिला दिवस सोनूबाई जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी दाराच्या उंबऱ्यावर बसून मोटारीच्या रस्त्याकडे पाहता पाहता त्यांनी वाटी ओढली आणि आपल्या हातानं खायला लागल्या. गोष्ट नाही, कुणी भरवत नाही. नंदाबाई आतून पाहत होत्या, श्वास धरून, जणू हललं तर घास परत येईल. “चाचा आला की मंग ऐकीन,” सोनूबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या. “आधी जेवून ठिवते.” तेव्हापासून ती रोज जेवते. काल पंधरा शेर भरली. रामकिसननं खडीसाखर वाटली. ती आख्ख्या गल्लीला मिळाली, एका घराशिवाय. त्या घराला कुलूप आहे, कारण कमरबी दिवसभर नंदाबाईंच्याच ओट्यावर बसलेल्या असतात.

मियांना जाऊन आज सोळा दिवस झाले. पत्र नाही. अर्ज चुकूनही न विसरणारा माणूस स्वतःची खुशाली लिहायला विसरतो, असं कमरबी म्हणतात. कुणी विचारलं नाही तर जेवायलाही विसरतो, असंही म्हणतात. रामरावांना बांधाच्या तारखेमुळे शनिवारपर्यंत निघता येत नाही, आणि नंदाबाईंनी सोळा दिवसांत एकदाही धड घास गिळलेला नाही, हे त्यांना कुणी विचारलेलं नाही.

तेव्हा हे वाचणाऱ्यांपैकी कुणी औरंगाबादेकडचं असेल तर नंदाबाईंची एवढी विनंती आहे. कचेरीच्या आवारात पाहा. सत्तरीचे, मेंदीची दाढी, उजव्या बोटाला शाई, उन्हात खोकला येतो. ते कुणाचा तरी अर्ज फुकट लिहून देत बसलेले असतील. नुसतं “कसे आहात” म्हणून विचारू नका, ते “सब खैरियत” म्हणतील आणि तुम्ही परत जाल. समोर बसा. नकलेचं राहू दे म्हणावं, वहीचंही राहू दे, मंजुरीचं तर राहूच दे. सोनू जेवते म्हणावं. आणि त्यांनी काय खाल्लं, कधी खाल्लं, ते नीट विचारून, शक्य तर समोर बसून खायला लावून, देवबारवला दोन ओळी टाका.